ह्यात संधी काय हाईत?

गुरुजी,

आमच्या कॉलेजातला अकरावीचा संस्कृतचा वर्ग यंदा बंद झाला. ही बातमी तुम्हाला बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळावी म्हणून लिहायला बसलोय. तुम्ही आहात तिथे बाहेरून म्हणजे नेमकं कुठून कळणार, ही शंका आहेच; पण वाक्य संपेपर्यंत शंका काढायची नाही हा तुमचाच नियम, म्हणून पुढे लिहितो. रविवारची दुपार आहे. समोरची पिठाची गिरणी सुरू झाली की खिडकीची तावदानं थरथरतात, आणि या घरात हालचाल म्हणायची तर तेवढीच. बायको वारल्यापासून घर इतकं नीटनेटकं राहतं की मला परक्याच्या घरी पाहुणा बसल्यासारखं होतं. बारावीत अजून दोन पोरं आहेत. ती परीक्षेला बसली की या तालुक्यात संस्कृत माझ्यापुरतंच उरेल, आणि माझ्याशी मी फारसं बोलत नाही.

सुरुवात मे महिन्याच्या शेवटी झाली. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. माणूस वयाने माझ्याहून लहान, मनाने बरा, शाळेत त्यानेही संस्कृत घेतलेलं. म्हणजे वार कुठे करायचा हे त्याला ठाऊक. "सर, गेल्या वर्षी आपल्याकडे संस्कृतला पोरं किती होती?" मी म्हणालो, "होती थोडी." "थोडी म्हणजे? बहुवचन का द्विवचन?" मी खाली बघून म्हणालो, "द्विवचन." मग तो हसला नाही, खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "यंदा एकवचन तरी आणा सर. एक नाव द्या, वर्षभर वरच्या लोकांना मी थोपवतो. रिकामा वर्ग मात्र मला दाखवता येणार नाही." त्यासाठी उपायही त्याच्याकडे तयार होता. प्रवेश सुरू व्हायच्या दिवशी हॉलमध्ये पोरं आणि पालक बोलवायचे, आणि प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने पडद्यावर स्लाइड लावून आपल्या विषयाचं सादरीकरण करायचं. "आणि एंगेजिंग पाहिजे बरं का." मी विचारलं, एंगेजिंग म्हणजे काय? तो म्हणाला, "म्हणजे माणसानं मोबाइल खिशात ठेवला पाहिजे."

ही व्याख्या तुम्हाला आवडली असती. तुमचीही एक होती, आणि ती घाटनांदूरच्या तुमच्या स्वयंपाकघरात राहायची. मी आठवीत आहे, दिंद्रुडला वक्तृत्व स्पर्धा आहे, विषय अर्थातच परोपकार. तुम्ही मला संध्याकाळी घरी बोलावता, आणि सरळ चुलीपाशी उभं करता. काकू परातीत ज्वारीची भाकरी थापतायत, थप थप थप, आणि तुम्ही उंबऱ्यावर पेन्सिल घेऊन बसलेले. मी विचारतो, "गुरुजी, हितं कावून? वर्गात म्हणून दावतो की." तुम्ही म्हणता, "वर्गात पोरं ऐकतेतच. त्यांना जायला जागा न्हाई. हिला काम हाय. कामातल्या माणसाला थांबवून दाव." एवढंच. ज्या वाक्याला काकूंचा हात थांबला, त्या वाक्याखाली तुम्ही रेघ मारायचात. ज्याला नाही थांबला ते दुसऱ्या दिवशी भाषणातून गेलेलं असायचं, मग त्यात मी कितीही अलंकार घातलेले असोत. पहिल्या दिवशी अख्ख्या भाषणात एकही रेघ पडली नाही. काकूंनी मान वर न करता विचारलं, "झालं का संपून? का मधीच थांबलास?"

आणि तुमचे ते महाप्राण! मी 'घर'चं 'गर' केलं की तुमची पेन्सिल उंबऱ्यावर आपटायची. "घ! पोटातून आन. गर गर कावून करतूस बे, जातं हाईस का?" हे तुम्ही म्हणायचात, जे स्वतः आयुष्यभर 'आमी' आणि 'तुमी' म्हणत आलात. संस्कृतचा श्लोक म्हणताना तुमचा एक श्वास इकडचा तिकडे व्हायचा नाही, आणि श्लोक संपला की लगेच, "आमी काय म्हनतो..." मी पुष्कळ वेळा यावर विचार केलाय. घरात 'आमी', वर्गात 'वयम्', या दोहोंच्या मधलं 'आम्ही' तुम्हाला जन्मात भेटलंच नाही. हे तेव्हा तोंडावर बोलायची माझी छाती नव्हती. आता आहे, तर तोंड नाही समोर.

भाषण कितव्या तरी दिवशी सुधारलं. सुधारलं म्हणजे मी कंटाळून, लिहिलेलं सोडून, सहज बोललो की आई मला शेजारणीकडे विरजण आणायला पाठवते, तर शेजारीण वाटीवर झाकण ठेवून देते. काय दिलं ते रस्त्यात कुणाला दिसू नये म्हणून. थप थप बंद झाली. काकू माझ्याकडे बघत होत्या, हात तसाच भाकरीवर. तुम्ही रेघ मारलीत ती मला ऐकू आली. मग काकूंना तव्याचा वास आला आणि त्या तुमच्यावर घसरल्या, "अवो, त्या लेकराला पानी तरी द्या, नरडं सुकलं त्याचं. आन् तुमच्या परोपकारापायी माजी भाकर करपली!"

तर यंदा मी तीच तालीम करायला घेतली. स्वयंपाकघरात उभा राहिलो. काकू नाहीत, बायको नाही, भाकरी पोळी-भाजी केंद्रातून येते. गॅसवर कुकर होता. त्याच्यासमोर मी अख्खं सादरीकरण म्हणून दाखवलं. कुकर माझ्या एकाही वाक्याला थांबला नाही. शिट्ट्या मात्र दिल्या. मग मी भाषण कापत गेलो. भाषेची प्राचीनता काढली, देवभाषा वगैरे काढलं, परदेशात म्हणे लोक शिकतात तेही काढलं. शेवटी एक वाक्य उरलं, त्यापलीकडे माझ्याजवळ खरं काही नाही हे मला कळलं. ते असं: "यात नोकऱ्या फार नाहीत, पण जो कुणी हे शिकायला येईल, तो एकटा असला तरी त्याला मी रोज पूर्ण तास शिकवीन, मला जे येतं ते सगळं देईन." हे शेवटी म्हणायचं ठरवलं. स्लाइड करून दिल्या आमच्या संगणकाच्या मॅडमनी. चांगल्या आहेत, फक्त त्यांना मोकळी जागा बघवत नाही. "सर, नुसती अक्षरं कोण वाचणार? प्रत्येक स्लाइडला फोटो पाहिजे. तुम्ही नका काळजी करू, मी टाकते." मी काळजी केली नाही. मी ती करायला हवी होती.

त्या दिवशी हॉल खच्चून भरला. साखर कारखान्याचा हंगाम आटपून माणसं गावी परतलेली, त्यामुळे बऱ्याच पोरांचे आईबाप स्वतः आले होते. माझ्या आधी भूगोल झाला, वाणिज्य झालं, आयटी तर टाळ्यांत झालं. माणसं मोबाइलमध्ये होती, बायका एकमेकींशी बोलत होत्या, आणि माझी पाळी आली. पहिली स्लाइड ठीक गेली, म्हणजे कुणी बघितली नाही. दुसरीवर मोठ्या अक्षरात मी दिलेलं वाक्य होतं, 'संस्कृतचा पाया: धातू', आणि त्याखाली पडदाभर फोटो होता लोखंडी सळयांचा. बांधकामाच्या. तारेने बांधलेले भारेच्या भारे. गुरुजी, क्रियापदाच्या मुळाला आपण धातू म्हणतो हे मॅडमना कुणी सांगायचं? त्यांनी आपल्या मराठीतला धातू घेतला आणि दुकानातला सर्वात मजबूत निवडला.

पुढच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "ह्ये सिव्हिलचं हाय का बे?" आणि हशा पिकला. मी त्या सळयांकडे बघितलं, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणालो, "हो, सिव्हिलचंच आहे. घर बांधताना सळई कुणाला दिसते का? वरून गिलावा, रंग, गणपतीची टाइल. पण आत सळई नसेल तर पहिल्या पावसाळ्यात पाहुणे आणि स्लॅब एकदमच खाली. तसा 'गम्' हा धातू आत असतो, आणि वरून कुणी 'गमन' म्हणतं, कुणी 'आगमन', कुणी 'निर्गमन', आणि तुम्ही एस्टीत बसून म्हणता 'दुर्गम भाग'." मोबाइल खिशात जायला लागले. मग मी गाडी गावातच नेली. म्हणालो, "तुम्ही 'गेलो होतो' म्हणता का?" कुणी तरी ओरडलं, "गेलतो!" मी म्हणालो, "बघा! दोन शब्द जवळ आणले, मधलं गाळलं, एक केला. हेच आम्ही वर्गात शिकवतो आणि पोरांना मार्क देतो. तुम्ही फुकट करताय." तुम्ही तिथे असता तर उठून म्हणाला असतात की याला संधी नव्हे, लोप म्हणतात. कबूल. पण तुम्ही नव्हतात, आणि हॉल हसत होता. मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी वर्गात पंचवीसेक वर्षं उभा आहे, एवढी माणसं एकदम माझ्याकडे बघतायत असं मला कधी झालं नव्हतं.

तेव्हा मधल्या रांगेतून एक माणूस उभा राहिला. डोक्याला पटका, अंगात धुतलेला सदरा. शेजारी त्याची मुलगी, मांडीवर प्रवेशाचा फॉर्म, हातात पेन. ती माझं बोलणं सुरू झाल्यापासून हसत नव्हती. नुसती ऐकत होती, हे मी बघितलं होतं. माणूस म्हणाला, "सर, आमी घाटनांदूरकडचे, शेरडंमेंढरं राखतो. पोरगी म्हनती संस्कृतच घ्यायचं. मला त्यातलं कळत न्हाई. म्हनून इचारतो, ह्यात पुढं संधी काय हाईत?"

माझं वाक्य तयार होतं, गुरुजी. कुकरसमोर पाठ केलेलं, ह्याच प्रश्नासाठी जपून ठेवलेलं. तोंड उघडलं आणि मी म्हणालो, "तीन. स्वरसंधी, व्यंजनसंधी आणि विसर्गसंधी."

हॉल कोसळला. ज्यांना संधी म्हणजे काय हे शाळेतून आठवत होतं ते आधी हसले, ज्यांना नाही ते त्यांच्याकडे बघून हसले. प्राचार्य टेबलावर हात आपटत होते. तो माणूसही हसला, जसं माणूस सगळे हसतात म्हणून हसतो, आणि खाली बसला. मुलीने पेनाला टोपण लावलं. हे मी स्पष्ट बघितलं. बघून थांबलो का? नाही. पुढची स्लाइड लावली, त्यावर मॅडमनी 'विभक्ती' शब्दाला कोर्टाचा फोटो टाकला होता, नवराबायको पाठमोरे. त्यावर आणखी हशा मिळवला. वेळ संपली, टाळ्या झाल्या, आणि मी व्यासपीठावरून उतरून पंख्याखाली उभा राहिल्यावर मला कळलं की शेवटचं वाक्य म्हणायचं राहूनच गेलं.

माणसं येऊन हात मिळवत होती. "लई बेस सांगितलं सर." "आमच्या पोराला आयटीला घातलंय, पर तुमचं लई आवडलं." एकाने तर सळयांच्या स्लाइडचा फोटो मागितला, त्याचं सिमेंटचं दुकान आहे. संस्कृतसमोर एकही नाव पडलं नाही. प्रवेश संपेपर्यंत मी रोज ऑफिसात डोकावत होतो. क्लार्कला वाटलं माझा कुणी नातेवाईक प्रवेशात अडकलाय.

ती मुलगी मला नंतर एकदा भेटली, ऑफिसच्या खिडकीपाशी, ओळखपत्र घ्यायला आलेली. मी विचारलं, काय घेतलंस? "हिंदी, सर." मग तिलाच वाटलं काही तरी बोलावं. म्हणाली, "सर, तुमचं भाषन लई भारी झालं. बाबा घरी सगळ्यांना सांगतेत." मी म्हणालो, "मग संस्कृत का सोडलंस गं?" तिने ते वाईट वाटावं म्हणून सांगितलं नाही, विचारलं म्हणून सांगितलं. "बाबा म्हनले, मास्तरच त्याला हसतोय, म्हंजी त्यात काईच नसंल." मी म्हणालो, "हिंदी चांगला विषय आहे." तिचं ओळखपत्र आलं, तिने त्यावरचा फोटो बघून तोंड वाकडं केलं, आणि गेली.

तेव्हापासून मला दिंद्रुडहून परतीची एस्टी आठवते. त्या स्पर्धेत मी पहिला आलो होतो. मधेच एक परीक्षक पेंगताना दिसले आणि मी ऐनवेळी घुसडलं की, समोरचे गुरुजन झोपले तरी न उठवता बोलत राहणं हाही परोपकारच. हशा, टाळ्या, पहिला नंबर. स्टँडवर तुम्ही मला भजी घेऊन दिलीत, स्वतः नुसता चहा घेतलात. मग माजलगावचा फाटा मागे पडल्यावर म्हणालात, "हसली माणसं." मी फुगून म्हणालो, "हो गुरुजी." "विरजनाची वाटी कुटं गेली?" मी ते वाक्य म्हणायचं विसरलो होतो. तुम्ही विचारेपर्यंत ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. तुम्ही रागावला नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणालात, "घरी ही बी हसती तुझ्या भाषनाला कवा कवा. हसताना तिचा हात थांबतो का, बघितलास का?" मी नव्हतं बघितलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तुमच्या घरी येऊन बघितलं. काकू खळखळून हसायच्या, आणि भाकरी थापतच राहायच्या.

आता राहिलेली बातमी. माझा तास बंद झाला म्हणून मला घरी बसवलेलं नाही. प्राचार्यांनी त्याच आठवड्यात बोलावलं आणि म्हणाले, "सर, त्या दिवशी हॉल तुम्ही एकट्यानं जिवंत ठेवला. आता कला, वाणिज्य, विज्ञान, सगळ्या पोरांना तुम्हीच शिकवा, लोकांसमोर कसं बोलायचं ते. नवा तास सुरू करतोय, सक्तीचा." विषयाचं नाव सादरीकरण. तुमची सवय मला लागलेली, नाव ऐकल्याबरोबर मी त्याची फोड केली. सादर म्हणजे आदरासहित, पुढे 'करण', आणि मधला तो दीर्घ ईकार म्हणजे आपला च्वि प्रत्यय: जे आधी तसं नव्हतं, ते तसं करणं. म्हणजे ज्यात आदर नव्हता त्यात तो आणणं. मी मात्र त्या दिवशी उलट दिशेने गेलो, आणि त्याबद्दल मला बढती मिळाली. प्राचार्यांना हे मी सांगितलं नाही; त्यांनी लगेच म्हटलं असतं, सर, हे तासाला वापरा, पोरं हसतील.

हे पत्र कुठे टाकणार नाही. पाकिटावर घाटनांदूरचा तुमचा पत्ता घातला, तर तिथला पोस्टमन माझा जुना विद्यार्थी निघेल आणि माझी तब्येत बघायला घरी येईल. तो आला तर चहा करीन म्हणा. पण त्यासाठी पोस्टखात्याला कामाला लावणं बरं दिसत नाही. घडी करून कपाटात ठेवीन, बायकोच्या साड्यांखाली, तिथे कुणी हात घालत नाही.

एक मात्र तुमच्यापासून लपवणार नाही. उद्या त्या नव्या तासाचा पहिला दिवस आहे. सक्तीचा आहे, म्हणजे हॉल भरणार. तुम्ही म्हणायचात तसं, पोरांना जायला जागा नाही. वर्ग गेल्याचं मला वाईट वाटतं, त्या मुलीचं तर फारच वाटतं, आणि हे दोन्ही खरं आहे. पण सकाळी मी पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून तो दाराच्या खुंटीला लावून ठेवलाय, आणि लिहिता लिहिता मधूनमधून त्याच्याकडे बघतोय. गुरुजी, मला उद्या कधी उजाडतं असं झालंय.